गुण कोणाचा, दोष कोणाचा?

एखादा तरुण हाती घेतलेल्या कामात पुढे आला नाही म्हणजे आपण चटकन म्हणून जातो, "त्याच्यात ते नव्हतेच." दुसरा चमकला म्हणजे म्हणतो, "तो मूळचाच तसा." ही वाक्ये आपल्या इतकी सरावाची झाली आहेत की, त्यांत आपण काय गृहीत धरले आहे इकडे लक्षच जात नाही. गृहीत असे की, माणसाची योग्यता ही पेटीत मोजून ठेवलेल्या नाण्यांसारखी आधीच त्याच्यात ठेवलेली असते. जग येऊन फक्त झाकण उघडते. हे खरे आहे काय? आणि खरे नसेल, तर ज्याला आपण नालायक ठरवून घरी पाठविले त्याच्याशी आपण न्यायाने वागलो काय?

ह्या प्रश्नासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत ते कित्येक वाचकांना अपरिचित वाटेल. ते अमेरिकेतील फुटबॉलचे आहे. आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे, तर लांबट चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून, अंगाला अंग भिडवून खेळतात तो. ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात स्थायिक झाली आहेत त्यांना तो दूरदर्शन संचावर दिसला असेल आणि त्यात काय चालले आहे ते कळले नसेल. आम्ही तो मुद्दामच निवडला आहे. एक तर तेथे प्रत्येक फेकीची नोंद राहते. दुसरे म्हणजे एकच माणूस आज एका संघात, उद्या दुसऱ्या संघात असा दिसतो; तेव्हा माणूस तोच आणि जागा वेगळी अशी तुलना तेथे करता येते. शाळेत, कचेरीत किंवा संसारात ती सहसा करता येत नाही.

खेळ थोडक्यात असा. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे असते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते आणि तिच्यावर प्रतिपक्ष तुटून पडतो. क्वार्टरबॅकला मिळतात साधारण अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात समोरची मांडणी ओळखून, पळणाऱ्या सोबत्यांपैकी कोण मोकळा होणार हे ताडून चेंडू फेकावयाचा. फेकीला उशीर झाला तर तो चेंडूसकट जमिनीवर पाडला जातो. घाई झाली तर चेंडू प्रतिपक्षाच्या हाती जातो. एका माणसावर इतका भार टाकणारी जागा आम्हांला दुसऱ्या कोणत्याही सांघिक खेळात आढळत नाही. जिंकले की तो वीर आणि हरले की अपराधी.

परंतु तो एकटा काहीच करीत नसतो, ही गोष्ट प्रेक्षक विसरतो. प्रत्येक संघाची आक्रमणाची एक पद्धत असते आणि ती भल्यामोठ्या पुस्तकात बांधलेली असते. एका पद्धतीत क्वार्टरबॅक तीन पावले मागे येऊन, सोबती जेथे अजून पोहोचलेलाही नाही अशा जागेवर चेंडू टाकतो. पावले आणि सोबत्याची धाव यांचा ताल जमलेला असला पाहिजे. दुसऱ्या पद्धतीत तो सात पावले मागे येतो आणि दूरवर धावणाऱ्याची वाट पाहतो. तेथे दणकट हात हवा आणि फळी भक्कम हवी. तिसरीत तो स्वतः धावेल की काय या भीतीवरच सारा डाव उभा असतो. शिवाय प्रत्येक पद्धतीची भाषा वेगळी. तीच चाल एका संघात एका नावाने, दुसऱ्यात दुसऱ्या नावाने. म्हणून पद्धत बदलली म्हणजे एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला नवे शिकावयाचे असतेच, शिवाय अंगात मुरलेले जुने विसरावयाचे असते. आणि हे दुसरे काम पहिल्याहून अवघड.

पद्धत मोठी की माणूस, ह्या वादात एक जुनी हकीकत फार उपयोगी आहे. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराचा बेंगल्स हा संघ १९६८ साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी ग्रेग कुक नावाचा उमदा तरुण त्यांच्याकडे आला. दूरवर चेंडू भिरकावणारा असा हात की पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घालावीत. पहिल्याच मोसमात त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्या खांद्याने त्याची कारकीर्दच संपविली. त्याच्या जागी १९७० साली व्हर्जिल कार्टर आला. ह्याचा हात साधा, दूरची फेक बेताची. पण नेम चांगला, बुद्धी तल्लख आणि पाय चपळ. त्या वेळी तेथे बिल वॉल्श नावाचे साहाय्यक प्रशिक्षक होते. कुकसाठी केलेले कपडे कार्टरच्या अंगावर चढविण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. त्यांनी नवे कपडेच बेतले: लांब फेकींऐवजी आखूड, वेळेवर टाकलेल्या, मैदानाच्या रुंदीचा उपयोग करणाऱ्या फेकी. पहिल्या सात सामन्यांत एकच जिंकलेला तो संघ उरलेले सातही सामने जिंकून गटात पहिला आला. १९७१ साली कार्टरच्या शंभरांतील बासष्टांहून अधिक फेकी सोबत्यांच्या हाती पडल्या. त्या वर्षी साऱ्या लीगमध्ये हे प्रमाण सर्वांत वरचे होते. पुढे वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी १९७९ साली, एकाऐंशी जण निवडून झाल्यावर, जो मॉन्टाना ह्या तरुणाला घेतले. मॉन्टानाने चार अजिंक्यपदे मिळविली. जी पद्धत पुढे जगभर नावाजली तिचा जन्म एका बेताच्या हाताच्या माणसाला सामावून घेण्यातून झाला, हे लोक क्वचितच आठवतात. त्या वर्षी सिनसिनाटीत दुसरा कोणी प्रशिक्षक असता तर कार्टरला "हात कमी पडतो" म्हणून परत पाठविले असते, आणि ते वाक्य खरेही ठरले असते! अन्यायाचे निवाडे पुष्कळदा असे खरे बोलूनच केले जातात.

आता उलट बाजू. स्टीव्ह यंग हा १९८५ साली फ्लोरिडातील टँपा बे संघात आला. दोन वर्षांत त्याने आरंभापासून खेळलेल्या एकोणीस सामन्यांपैकी संघाने तीन जिंकले; त्याच्या अकरा फेकींनी टचडाउन झाले आणि एकवीस फेकी प्रतिपक्षाने झेलल्या. संघाने ठरविले की, हा काही कामाचा नाही. १९८७ साली त्यांनी विनी टेस्टाव्हर्डी या नव्या तरुणाला सर्वांत पहिल्या क्रमांकाने निवडले आणि यंगला फोर्टीनायनर्सकडे देऊन टाकले. तेथे यंग मॉन्टानाच्या मागे चार वर्षे बसला, शिकला. १९९२ व १९९४ साली लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. आणि जानेवारी १९९५ मध्ये सुपर बोलच्या अंतिम सामन्यात त्याच्या सहा फेकींनी टचडाउन झाले. आणि त्याच्या जागी आणलेला टेस्टाव्हर्डी? १९८८ साली त्याच टँपा बेमध्ये त्याच्या पस्तीस फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या. पण हाच माणूस दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या जेट्स संघात एकोणतीस टचडाउन आणि अवघ्या सात चुकलेल्या फेकी, असा मोसम खेळून गेला. एका घरातून दोन सुना एकामागून एक "हिला संसार येत नाही" म्हणून बाहेर पडाव्यात आणि दोघींनी दुसरीकडे सोन्यासारखे संसार करावेत, तर शहाण्या माणसाने सुनांकडे पाहावयाचे सोडून त्या घराच्या चुलीकडे पाहावे.

येथे कोणी म्हणेल, यात नवीन ते काय; चांगले बी चांगल्या जमिनीत पडले की रुजते. ही उपमा आम्हांलाही प्रिय आहे, परंतु येथे ती पुरत नाही. बियाचा गुण आधीच ठरलेला असतो. गव्हाचे बी खडकावर पडले तरी ते गव्हाचेच बी. तरुण माणूस तसा नाही. जागा त्याचा गुण दाखविते किंवा झाकते एवढेच नव्हे. ती तो गुण घडविते, मोडते, वाकविते. २००२ साली टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात नवा संघ निघाला आणि त्याने डेव्हिड कार ह्या तरुणाला पहिल्या क्रमांकाने निवडले. नव्या संघाची फळी इतकी कच्ची की, त्या एका मोसमात कार चेंडूसकट शहात्तर वेळा जमिनीवर पाडला गेला. हा त्या लीगमधील एका मोसमाचा विक्रम होय. २००५ साली पुन्हा अडुसष्ट वेळा. अशा माराखाली माणसाचे काय होते? डोळे दूरच्या सोबत्यावर ठेवावयाचे ते अंगावर येणाऱ्यांकडे वळतात. पाय जागेवर ठरत नाहीत. धोका नसतानाही धोका दिसतो. पाच वर्षांनी त्याला सोडून दिले, आणि पुढे तो इतर संघांत गेला तेव्हा बहुतेक बाकावरच बसला. तेथील फळ्या बऱ्या होत्या म्हणून २००२ सालचा कार काही परत मिळाला नाही. मग "कारची खरी योग्यता किती होती?" ह्या प्रश्नाला उत्तर काय? आमच्या मते त्याला उत्तरच नाही. ती योग्यता कोठे तरी पूर्ण तयार होऊन पडली होती आणि आपल्या दृष्टीस आली नाही, असे नव्हे. ती घडावयाची होती, आणि वेगळी घडली.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी ह्या प्रश्नाच्या काठाकाठाने पुष्कळ विचार केला आहे. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या न्यायविषयक ग्रंथात म्हटले की, जन्मतः मिळालेली बुद्धी व शक्ती ही कोणाची कमाई नव्हे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनी, ज्या गोष्टी माणसाच्या हाती नव्हत्या त्यांच्यावरून आपण त्याला बरावाईट ठरवितो, ह्या विसंगतीवर बोट ठेवले. ह्या थोर मंडळींचे ऋण मानूनही आम्हांला वाटते की, "दैव" हा शब्द येथे फार लवकर वापरला जातो. कारला कच्ची फळी मिळाली हे त्याच्या बाजूने दैव. पण ती फळी कोणी तरी निवडली होती. पहिल्याच वर्षी त्याला मैदानात उभे करावयाचे असे कोणी तरी ठरविले होते. मुलाच्या बाजूने जे दैव दिसते ते मालकाच्या बाजूने कृत्य असते, आणि कृत्याचा जाब विचारता येतो.

ह्या लीगचा निवडीचा नियमच पाहा. दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना संघ क्रमाने निवडतात, आणि क्रम असा की, गेल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली राहिला त्याची निवड पहिली. हेतू चांगला आहे: दुबळ्याला बळ मिळावे. परंतु ह्याचा दुसरा अर्थ असा की, सर्वांत गुणी म्हणून नावाजलेला मुलगा बहुधा सर्वांत विस्कटलेल्या घरी जातो, तेही स्वतःला न विचारता. संघासंघांतील न्यायाची किंमत मुलांनी भरावयाची. काहींनी ती भरण्यास नकार दिला. १९८३ साली जॉन एल्वे याने बाल्टिमोरकडे जाण्याचे नाकारले. त्याच्यापाशी बेसबॉलचा दुसरा मार्ग होता, म्हणून त्याचे चालले आणि तो डेन्व्हरला गेला. २००४ साली ईलाय मॅनिंगच्या बाबतीत सॅन डिएगोला आधीच कळविण्यात आले की, त्याला तेथे येणे नाही. लोकांनी त्या घराण्याला गर्विष्ठ म्हटले. पण त्याचे वडील आर्ची मॅनिंग १९७१ सालापासून दहा-अकरा वर्षे न्यू ऑर्लिन्सच्या संघात खेळले होते, आणि त्या साऱ्या काळात तो संघ एकाही मोसमात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवू शकला नव्हता. बापाने उमेदीची सारी वर्षे कोठे घातली हे पाहिलेल्या मुलाला गर्विष्ठ म्हणणे आमच्या जिवावर येते. मात्र हेही खरे की, नकार देण्याची ऐपत ज्यांच्यापाशी होती त्यांनीच तो दिला. ज्या मुलाच्या पाठीशी नामवंत बाप नाही आणि ज्याला दुसरा खेळ येत नाही, तो मुकाट्याने सांगितल्या गावी जातो.

ह्या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण २००५ सालचे. त्या वर्षी पहिली निवड फोर्टीनायनर्सची होती; वॉल्श आणि मॉन्टानाचा काळ सरून तो संघ आता तळाला आला होता. त्यांच्यापुढे दोन तरुण होते: यूटा विद्यापीठाचा ॲलेक्स स्मिथ आणि कॅलिफोर्नियाचा ॲरन रॉजर्स. त्यांनी स्मिथला घेतले. रॉजर्स ताटकळत बसला आणि चोविसाव्या क्रमांकावर ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला घेतले. त्या दिवशी सगळ्यांनी स्मिथचे अभिनंदन केले.

स्मिथ यूटात ज्या पद्धतीत वाढला होता तीत गडी मैदानभर पसरलेले असत आणि क्वार्टरबॅक आधीच मागे उभा राहून चेंडू घेई. येथे सारेच निराळे. पहिल्या मोसमात त्याच्या फेकीतून एक टचडाउन झाले आणि अकरा फेकी प्रतिपक्षाने झेलल्या. मग दरवर्षी त्याचा आक्रमणाचा प्रशिक्षक बदलत गेला. एक गेला, दुसरा आला. तोही वर्षात गेला. मध्ये खांद्याची दुखापत आणि शस्त्रक्रिया. सात मोसमांत सात प्रशिक्षक! बेळगावकडील आमच्या वाचकांनी कल्पना करावी की, एका मुलाला पहिलीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत इंग्रजी अशा माध्यमांत दरवर्षी हलविले आणि शेवटी प्रगतिपुस्तकावर शेरा दिला, "भाषा कच्ची आहे."

रॉजर्स मात्र तीन वर्षे ब्रेट फार्व्ह या नामांकित खेळाडूच्या मागे बाकावर बसला. कोणी त्याला घाई केली नाही. चेंडू धरण्याची त्याची ढब सावकाश बदलून घेण्यात आली. २००८ साली तो पुढे आला. त्या वर्षी संघ सोळांपैकी सहाच सामने जिंकला, तरी त्याला कोणी हलविले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने सुपर बोल जिंकला आणि पुढे चार वेळा तो लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

ह्या दोन चरित्रांत एक धागा आहे, तो फारसा कोणी उलगडून पाहत नाही. २००५ साली स्मिथचे पहिले शिक्षक होते माइक मॅकार्थी. २००६ च्या आरंभी ते सॅन फ्रान्सिस्को सोडून ग्रीन बेचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१८ पर्यंत तेथे राहिले. म्हणजे दोघांचा गुरू एकच. स्मिथला तो एक वर्ष मिळाला, रॉजर्सला तेरा. आम्ही असे म्हणत नाही की, जागांची अदलाबदल केली असती तर स्मिथ रॉजर्स झाला असता. रॉजर्सचा हात असामान्य होता, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या हाताला सात वर्षांत सात गुरू भेटले असते तर आज आपण त्या हाताविषयी काय बोललो असतो, हे छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

आता प्रामाणिक आक्षेपाकडे वळू. सारा भार पद्धतीवर टाकला तर आळशालाही निमित्त मिळेल, उर्मटालाही मिळेल. हे खरे आहे. १९९८ साली पहिल्या क्रमांकाने पेटन मॅनिंग आणि दुसऱ्याने रायन लीफ निवडला गेला. दोघांचीही सुरुवात वाईट झाली. मॅनिंगच्या तर पहिल्या वर्षी अठ्ठावीस फेकी प्रतिपक्षाने झेलल्या आणि त्याचा संघ सोळांपैकी तेरा सामने हरला. पुढच्याच वर्षी त्याच संघाने तेरा जिंकले. त्याला एकच आक्रमण-प्रशिक्षक दहा वर्षांहून अधिक काळ लाभला, हे खरे; पण त्याची अभ्यासू वृत्तीही तितकीच खरी. लीफची कारकीर्द चार मोसमांत संपली, आणि पुढे त्याने आपल्या त्या काळातील वागण्याचा दोष स्वतःच उघडपणे पदरी घेतला. तेव्हा सगळे काही जागेचे, असे म्हणणेही खोटे.

आम्हांला सुचते ते एवढेच: माणसाच्या हाती काय होते आणि काय नव्हते, हे दोन ढीग वेगळे करावेत. अभ्यास केला की नाही, सोबत्यांशी कसा वागला, पडल्यावर कोणाला शिव्या दिल्या की उठून पुन्हा उभा राहिला, ह्यांबद्दल त्याला विचारावे. जिंकला की हरला याबद्दल त्याच्या एकट्याचा निवाडा करू नये. अडचण अशी की, हे ढीगही पुरते वेगळे होत नाहीत. शहात्तर वेळा आपटलेल्या माणसाचे धैर्य खचले तर तो दोष कोणत्या ढिगात टाकावयाचा? येथे आमची लेखणी अडते. म्हणूनच वागणुकीचा न्याय करावा, पण "त्याच्यात ते नव्हतेच" हा माणसाविषयीचा शेवटचा निकाल देण्याचे टाळावे, असे आम्हांला वाटते.

"हा आमच्या पद्धतीत बसत नाही" ह्या वाक्याची आणखी एक काळी बाजू आहे. कित्येक दशके अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणांना हेच ऐकविले गेले: तू चपळ आहेस, तू धाव, तू झेल, क्वार्टरबॅकची जागा तुझी नव्हे. वॉरन मून याला १९७८ साली एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तेथे एडमंटनच्या संघातून ओळीने पाच वेळा ग्रे कप जिंकला, आणि त्यानंतर १९८४ साली स्वदेशातील लीगने त्याला दार उघडले. पुढे त्या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. अगदी २०१८ सालीसुद्धा लामार जॅक्सनने झेलणाऱ्याची जागा घ्यावी, असे जाणती म्हणविणारी माणसे जाहीरपणे सांगत होती. बाल्टिमोरच्या रेव्हन्स संघाने त्याला बत्तिसाव्या क्रमांकावर घेतले आणि वॉल्श यांनी कार्टरसाठी केले तेच केले: त्याच्या पायांभोवती आणि हाताभोवती पद्धत बांधली. २०१९ साली एकही मत विरोधात न जाता तो सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. कोणी कोठे "बसत नाही" हे ठरविणारा मोजपट्टी कोणाची वापरतो, हा प्रश्न आपल्या देशातील वाचकांना फार फोड करून सांगण्याची गरज नाही.

तरी प्रशिक्षकावरही एकतर्फी कोरडे ओढू नयेत. त्याची स्वतःची नोकरी दोन वर्षांच्या निकालावर टांगलेली असते. जो स्वतः धीराने वागविला गेला नाही त्याने दुसऱ्याला धीर द्यावा ही अपेक्षा मोठी आहे. शिवाय जागा एकच असते. मॉन्टानाला जागा मिळत राहिली म्हणून यंग चार वर्षे बसला. एकावर केलेली दया पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यातून खर्च होते, आणि हे गणित कोणत्याही पद्धतीने सुटत नाही.

स्मिथची गोष्ट अर्धी राहिली. २०११ साली जिम हार्बो हे मुख्य प्रशिक्षक आले, पद्धत बसली, आणि ज्याला सारे गाव कंटाळले होते त्याच स्मिथने संघाला सोळांपैकी तेरा सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षी डोक्याला मार लागून तो बाहेर बसला, तेवढ्यात दुसऱ्या तरुणाने जागा घेतली, आणि २०१३ साली तो कॅन्सस सिटीला गेला. तेथे अँडी रीड यांच्या हाताखाली त्याला प्रथमच एकच पद्धत ओळीने पाच वर्षे लाभली. २०१७ साली संघाने सत्ताविसाव्या जागेवरून दहाव्या जागेवर चढण्याची किंमत मोजून पॅट्रिक महोम्स हा तरुण आणला. स्मिथला बदलण्यासाठीच तो आणला आहे, हे स्मिथलाही दिसत होते. त्या मोसमात स्मिथ आयुष्यातील सर्वोत्तम खेळ खेळला, फेकीच्या गुणांकनात साऱ्या लीगमध्ये पहिला आला, आणि रोजच्या रोज त्या मुलाला आपल्या शेजारी बसवून समोरची मांडणी कशी वाचावयाची, आठवड्याची तयारी कशी करावयाची हे दाखवीत राहिला. महोम्सने हे ऋण पुढे वारंवार बोलून दाखविले आहे. मोसम संपल्यावर स्मिथला वॉशिंग्टनकडे देण्यात आले. २०१८ साली महोम्स सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मिथचा पाय मोडला, जखमेत विष भिनले, सतरा शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहतो की जातो, जीव राहतो की जातो, अशी वेळ आली. ऑक्टोबर २०२० मध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. त्या मोसमात त्याने आरंभापासून खेळलेल्या सहा सामन्यांपैकी पाच त्याचा संघ जिंकला, आणि त्यानंतर त्याने खेळ सोडला.